आत्यांना विचारा

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने लिहून दिले आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘आपल्या घराण्याचा शोध’. हा विषय माझ्याच वाट्याला का आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी नोकरी महसूल खात्यातली, आणि त्यातली बरीच वर्षे रेकॉर्ड रूममध्ये गेली. मे-जून महिना आला, पोरांचे निकाल लागले, की या मंडपातल्या निम्म्या लोकांचे मला फोन येतात. “ताई, व्हॅलिडिटी करायची आहे. आज्याचा कागद कुठं भेटल?” वर्षभर ज्यांना माझी आठवण येत नाही, त्यांना जूनमध्ये हमखास येते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. त्या निमित्ताने तुमच्या मुलाबाळांची खुशाली तरी कळते.

पण इतकी वर्षे हे फोन घेऊन एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्याकडे माणूस पूर्वजांच्या शोधाला हौसेने लागत नाही, गरज पडली की लागतो. मुलाची जातपडताळणी, वनहक्काचा पट्टा, शेताची वाटणी. आणि गरज पडते तेव्हा सांगणारी माणसे बहुधा गेलेली असतात. कागद कपाटात थांबतो, माणसे थांबत नाहीत. म्हणून कागदाविषयी मी सांगणार आहेच, पण त्याच्या आधी काय करायचे, तेही सांगणार आहे.

आधी एक छोटी परीक्षा घेऊ. सरांनी आपल्या खूप घेतल्या, आज मी घेते. बसल्या जागी मनातल्या मनात आपल्या दोन आज्या आणि दोन आजोबांची नावे घ्या. जमले? आता चार पणजोबांची घ्या. वडिलांच्या बाजूचा एक बहुतेकांना येईल, कारण तो आजोबांच्या नावामागे लागलेला असतो. बाकीच्या तिघांपाशी गाडी अडते. आणि चार पणज्या? एकीचे तरी नाव येते का? मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. शिकलेले, न शिकलेले, सगळे तिथे गप्प होतात. तीन पिढ्यांत निम्मे घराणे पुसले जाते, आणि ते निम्मे म्हणजे बायका. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा इकडे येणार आहे.

आता शोध सुरू कुठून करायचा? स्वतःपासून. आपला शाळा सोडल्याचा दाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा, असे एकेक पायरी मागे जायचे. एकदम चारशे वर्षे मागे उडी मारू नका. आमच्याकडे काही लोक येतात ते थेट गोंडराजाच्या दरबारातून किंवा राजपुतान्यातून सुरुवात करतात. मग मी विचारते, आजोबांचा दाखला आणला का? तो नसतो.

मागे जाताना पहिली अडचण येते ती जिल्ह्याची. आपण आठवीत होतो तेव्हा, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले आणि आरमोरी, गडचिरोली, धानोऱ्याकडचे आपण सगळे एका रात्रीत गडचिरोली जिल्ह्याचे झालो. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर जिल्हा चंद्रपूर आणि माध्यमिकच्या दाखल्यावर गडचिरोली. वडिलांच्या दाखल्यावर बघा, तिथे ‘जिल्हा चांदा’ असेल, कारण चंद्रपूर हे नाव पुन्हा अधिकृत झाले ते १९६४ च्या सुमारास. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो. त्यामुळे १९५२-५३ च्या एखाद्या कागदावर ‘मध्यप्रदेश राज्य’ असे छापलेले दिसले की लोक घाबरतात, ‘आम्ही परप्रांतीय ठरू का?’ म्हणून विचारतात. घाबरू नका. गाव तेच आहे, माणसे तीच आहेत, फक्त राजधानी बदलत गेली. त्याच्याही मागे जा. १९५० च्या आधी ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’, आणि १८६१ पासून ‘मध्यप्रांत’. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि राज्य खालसा झाले, तेव्हापासून आपला मुलूख इंग्रजांच्या कागदावर आला. आपल्या वर्गात सिरोंच्याकडची जी मुले वसतिगृहात राहायची, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. तो भाग १८६० पर्यंत निजामाकडे होता. मग तिथे वेगळा जिल्हा झाला, आणि १८७४ मध्ये तो चांद्याला जोडला गेला.

हे पाठ करायची गरज नाही. पण कागद मागायला जाताना आपले गाव त्या वर्षी कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होते, हे ठाऊक असले पाहिजे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तयार झालेल्या तालुक्याच्या कचेरीत जाऊन १९२० चा कागद मागितला तर तो तिथे नसू शकतो. तो जुन्या तालुक्याच्या गावी किंवा जुन्या जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असू शकतो. ‘नाही’ हे उत्तर मिळाले तर निराश न होता दुसरी कचेरी गाठायची.

आता कागद कोणते? आपल्या भागात सगळ्यांत कामाचा कागद म्हणजे कोतवाल बुक. आताच्या पिढीला कोतवाल म्हणजे तहसीलचा निरोप आणणारा माणूस. पण मध्यप्रांतात गावातल्या जन्म-मृत्यूची खबर ठेवणे हे त्याचे काम होते. ठराविक दिवशी ठाण्यात जाऊन तो ती खबर द्यायचा आणि वहीत नोंद व्हायची. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव त्यात बहुधा नसते, कारण बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असायची. मृत्यूच्या नोंदीत कारणही असते. ताप, हगवण, पटकी, देवी, साप. मी एका गावची १९१८ सालची वही पाहिली आहे. पावसाळा संपताना आणि दिवाळीच्या आसपास पानेच्या पाने ओळीने ‘ताप, ताप, ताप’. ती मानमोडीची साथ होती, जगभर पसरलेला इन्फ्लुएंझा. मध्यप्रांताला त्याचा फार मोठा तडाखा बसला होता. आपल्यातल्या ज्याच्या घरात ‘पणजोबा लहानपणीच पोरके झाले’ असे सांगतात, त्याने त्या वर्षाची वही एकदा बघावी.

जातपडताळणीला ह्या वहीचे महत्त्व यासाठी की तिथे जुनी नोंद लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, ह्या तारखांच्या आधी घराणे राज्यात राहत होते हे दाखवावे लागते. जुना कागद असेल तर काम सोपे, नसेल तर मुलाची ॲडमिशन टांगणीला.

दुसरे कागद जमिनीचे. मेजर ल्युसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याचा पहिला बंदोबस्त केला, त्याचा अहवाल १८६९ चा. पुढच्या बंदोबस्तांच्या मिसली, पटवाऱ्याचा खसरा, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी हे सगळे ज्याच्या घरी शेती होती त्याच्या उपयोगाचे. नावे आहेत, बापाचे नाव आहे, जात आहे, धारा किती ते आहे. जुने काही कागद मोडीत असतात. पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालवते आणि नागपूरला त्यांचे विदर्भ अभिलेखागारही आहे. आपल्यातले जे निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांना सांगते, मोडी शिका. वेळही चांगला जाईल आणि गावाच्या कामी याल.

पण मित्रांनो, ह्या कागदांत कोण असते? जमीन कसणारा, आणि त्याच्यावर मालगुजार. ज्याच्याकडे जमीनच नव्हती तो कुठे असतो? हा प्रश्न माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा नव्हता.

आमचे घर ढिवराचे. वैनगंगेत आणि गावच्या तलावात मासे धरायचे, आणि पावसाळ्यात जंगलात येनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळायच्या. पाखरे, मुंग्या, वानरे यांच्यापासून अळ्या राखायला आमचा आजा महिना-दीड महिना झाडाखालीच मुक्काम करायचा. तलाव मालगुजाराचा, झाडे सरकारची, नदी कुणाचीच नाही. मग आमचे नाव बंदोबस्ताच्या मिसलीत येणार कसे? मी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये बसून शोधले, आमच्या घराण्याचे नाव एकाही खसऱ्यात नव्हते.

भूमिहीनांनी कुठे बघायचे ते सांगते. एक, कोतवाल बुक, कारण जन्माला आणि मरणाला जमीन लागत नाही. दोन, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली आणि मालगुजारी तलाव सरकारकडे आले, त्यांनाच आपण आज मामा तलाव म्हणतो. गावाला सरपण, चराई, वाट, पाणी यांचे हक्क काय, तलावात मासे धरण्याचा रिवाज काय, हे ह्या दोन कागदांत लिहिलेले असते. तिथे माणसाचे नाव नसेल, पण आपल्या लोकांचा पाण्यावरचा हक्क सापडू शकतो. तीन, मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद रजिस्टर. चार, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. आणि पाच, घरातल्या पेटीच्या तळाशी असलेला कोणताही चिटोरा. जंगलाच्या कडेला नांगर चालवला म्हणून आज्याला झालेल्या दंडाची पावती आमच्या आईने कुंकवाच्या डबीखाली जपून ठेवली होती. दंड भरताना आजा रडला होता म्हणतात. तीच पावती पुढे नातवाच्या कामी आली.

कशी, ते सांगते. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असेल तर त्याला हक्क. आमच्यासारख्या इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य दाखवायचे. हिशेब केला तर १९३० च्या मागे जावे लागते. ज्याचे नाव कोणत्याच खसऱ्यात नाही, त्याने १९३० च्या मागचा पुरावा द्यायचा! माझ्या भावाने जंगलाकाठच्या धानाच्या बांध्यांसाठी दावा केला. फाइल पुराव्याअभावी परत आली. भाऊ म्हणाला, “सोड ताई, आपलं नशीबच तसं.”

मी कायद्याचे नियम काढून वाचले. त्यात पुराव्यांची यादी आहे, आणि ती यादी वाचून मला बरे वाटले. सरकारी कागद आहेतच. पण दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन, हाही पुरावा. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ, हाही पुरावा. जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने, हेही पुरावे. असे एकाहून अधिक पुरावे द्यायचे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण कायद्याने कागदाच्या पंगतीला बसवली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. २००९ मध्ये देशात सगळ्यांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ते होते. ते आपल्या शेजारचे गाव. त्यांना जमले, मग आपल्याला का जमू नये?

प्रश्न असा की सांगणार कोण? आजा गेला होता, बाबा गेले होते. घरात कुणालाच काही ठाऊक नव्हते. मग आई म्हणाली, “बुढ्या आत्याला विचार.” बुढी आत्या म्हणजे आज्याची धाकटी बहीण. लग्न होऊन वैनगंगेच्या पलीकडे ब्रह्मपुरीकडे दिलेली. आम्ही तिला वर्षातून एखाद्या वेळी भेटायचो, तेही कुणाच्या लग्नात नाहीतर तेरवीला. २०१२ च्या उन्हाळ्यात मी आणि भाऊ तिच्याकडे गेलो.

तिला सगळे आठवत होते. कोणत्या येनाखाली बापाची खोप होती, तलावाची पाळ फुटली तेव्हा कुणाच्या घरात पाणी शिरले, गावच्या स्मशानात आपल्या लोकांची जागा कोणत्या अंगाला, कुणाला किती भाऊ आणि कोणत्या गावी कोणाला दिली. मी चकित झाले. गावात राहिलेल्यांना हे काहीच कसे आठवत नाही आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या बाईला कसे आठवते? नंतर विचार करताना उमगले. आपण ज्या घरात राहतो ते आठवावे लागत नाही, ते रोज समोर असते आणि रोज थोडे बदलते. जुने घर पडते, नवे उभे राहते, जुने विसरले जाते. सासरी गेलेल्या मुलीच्या मनात मात्र माहेर आहे तसेच राहते. ती ते रोज आठवते, पोरांना सांगते, जात्यावर बसून घोळवते. म्हणून आपल्या घराण्याचा इतिहास पुष्कळदा आपल्या घरात नसतो. तो लग्न होऊन गेलेल्या आत्यांच्या घरी असतो. आणि वंशावळ काढताना सगळ्यांत आधी आपण त्यांनाच वगळतो, कारण ‘त्या दुसऱ्या घरच्या झाल्या’.

तिला वय विचारले तर म्हणाली, “असंन साठ-सत्तर.” साल तिला माहीत नव्हते. म्हणून तुम्हाला सांगते, म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका, प्रसंग विचारा. चिमूरला गोळीबार झाला तेव्हा तू केवढी होतीस? तो ऑगस्ट १९४२. मालगुजारी गेली तेव्हा तुझे लग्न झाले होते का? ते १९५१. पहिल्यांदा मत टाकले तेव्हा कोणते मूल कडेवर होते? बाबासाहेब चंद्रपूरला आले तेव्हा कोण कोण गेले होते? ते १६ ऑक्टोबर १९५६, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी. अशा खुंट्या रोवल्या की माणूस आपोआप त्यांना आपल्या गोष्टी अडकवत जातो. आत्याला चिमूरच्या वेळी पहिले मूल अंगावर होते.

त्या धाग्यावरून मी आमच्या गावच्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज केला. १९२२ च्या वहीत नोंद मिळाली. पणजोबांचे नाव, जात ढिवर, मुलगी. त्यांना मुलगी एकच, म्हणजे ती आत्याच. मी नक्कल घेऊन पुन्हा तिच्याकडे गेले आणि म्हणाले, “आत्या, तू साठ-सत्तरची नाहीस, नव्वदीची आहेस.” ती खूप हसली. मग तिने कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारले, “माझं नाव कोठी आहे यात?” मी म्हटले, नाव नाही, नुसते ‘मुलगी’ लिहिले आहे. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मंग आता लिहून टाक.”

तिचे निवेदन आम्ही लिहून घेतले. खाली तिचे पूर्ण नाव, अंगठा आणि दोन साक्षीदार. माहेरच्या गावाच्या कागदावर तिचे नाव लागले ते नव्वदाव्या वर्षी. निवेदन, १९२२ ची नोंद, वंशावळ आणि कुंकवाच्या डबीखालची ती दंडाची पावती जोडून फाइल पुन्हा गेली. आत्या त्याच हिवाळ्यात गेली. पट्टा मिळायला आणखी तीन वर्षे लागली. तो आला तेव्हा त्यावर भावाचे आणि वहिनीचे, दोघांचे नाव होते, कारण कायदाच म्हणतो की हक्क नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने द्यायचा. आमच्या घराण्यात जमिनीच्या कागदावर नाव लागलेली पहिली बाई म्हणजे माझी वहिनी.

ही फक्त आमच्या घराची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. आपल्या वर्गात किती तऱ्हेची घरे होती, आठवून बघा. गोंड घरातल्या मित्रांना कागद उशिरा मिळाले, पण त्यांच्या घराण्याचा हिशेब कागदाहून पक्का. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. ज्यांच्या देवांची संख्या एक ते आपसांत भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही. हा नियम पाळायचा तर पिढ्यान्‌पिढ्या नाते लक्षात ठेवावेच लागते. किंगरी वाजवत घराण्यांच्या कथा गाणारे परधान ते काम करत आले. एटापल्ली-भामरागडकडे माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ गावाबाहेर दगड उभे करतात. कुणाचा दगड कोणता, हे सांगणारी माणसे आज आहेत. ती आहेत तोवर लिहून घ्या. दगड राहील, पण तो कुणाचा हे त्यांच्याबरोबर जाईल.

आपल्यातल्या ‘वार’ आडनावाच्या मित्रांना आपण चिडवायचो. ते ‘वार’ तेलुगूतल्या ‘वारु’ वरून आलेले, म्हणजे अमुक घरचे लोक. त्या आडनावात गोदावरीपलीकडून आलेली वाट लपलेली आहे. ज्या घरांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या आजोबांच्या दाखल्यावर एक नोंद आणि वडिलांच्या दाखल्यावर दुसरी असते. तो फरक ही कागदाची चूक नाही, तो इतिहास आहे, आणि अभिमानाने सांगण्यासारखा इतिहास आहे. चामोर्शी-मुलचेरा भागातल्या आपल्या बंगाली मित्रांची घरे १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसली. त्यांच्या पूर्वजांचे गाव तर आज दुसऱ्या देशात आहे. निर्वासित म्हणून मिळालेला जो कागद घरात असेल, तो लॅमिनेट करू नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि त्याची प्रत काढून घ्या. लॅमिनेशनने जुना कागद टिकत नाही, उलट खराब होतो.

एक-दोन सावधगिरीच्या गोष्टी. रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड पुष्कळांनी ऐकले असतील. त्यात माहिती भरपूर आहे, पण ती साहेबाच्या खुर्चीतून लिहिलेली आहे. कोणत्या जातीचा स्वभाव कसा, हेही तिथे बिनदिक्कत सांगितले आहे. माहिती घ्या, शेरे सोडून द्या. दुसरे, शोधताना नकोसे काही सापडू शकते. कुणी सालदारीत पिचला, कुणी बायको सोडली, कुणी भावाची जमीन खाल्ली. ते झाकून सोन्याचे पाणी देऊ नका, आणि जिवंत माणसाला दुखवेल असे चारचौघांत वाचूनही दाखवू नका. वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा.

आणि जन्मतारखांवर फार विसंबू नका. आपल्या वर्गात किती जणांचा वाढदिवस १ जुलैला येतो? हात वर करा. बघा! इतकी मुले एकाच दिवशी जन्मली, हा काही चमत्कार नाही. बापाला तारीख माहीत नव्हती, गुरुजींना शाळा भरायची होती, त्यांनी वय अंदाजे धरले आणि तारीख टाकली. गुरुजींचे त्यात काही चुकले नाही. तारीख नाही म्हणून त्यांनी पोराला परत पाठवले असते तर आपण आज इथे नसतो. फक्त कोतवाल बुकाशी ताळा घालताना वर्ष-दोन वर्षे मागेपुढे बघायचे.

ह्यावरून माझ्या शेवटच्या मुद्द्याकडे येते. आपल्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. दाखल क्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख. आपल्या गुरुजींनी बोरूच्या वळणाने लिहिलेली ती पाने म्हणजे ह्या परिसरातल्या शेकडो भूमिहीन घरांचा एकमेव जुना कागद आहे. आपण त्यांना ‘रजिस्टर’ म्हणतो, पण समितीपुढे तो पुरावा असतो. अशी रजिस्टरे किती ठिकाणी वाळवीने खाल्ली, किती पावसात भिजली, हे मी नोकरीत पाहिले आहे. पान गेले की त्या पानावरच्या चाळीस घरांची मुले अडतात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, मेळाव्याच्या खर्चातून जे पैसे उरतील ते भिंतीवरच्या घड्याळावर किंवा पंख्यांवर घालवू नका. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जुनी रजिस्टरे स्कॅन करू, नीट बांधून घेऊ आणि लोखंडी कपाट देऊ. स्कॅन शाळेच्या ताब्यातच राहील. त्यात प्रत्येकाची जात आणि घरची माहिती आहे. त्यातले एकही पान आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता कामा नये.

दुसरी, घरी गेल्यावर शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर आपले नाव, मग आई-वडील, मग चार आजी-आजोबा, मग आठ. प्रत्येकापुढे गाव लिहा आणि बाईच्या नावापुढे तिचे माहेरचे नावही लिहा. लग्नात नाव बदलले असेल तर दोन्ही लिहा. जे माहीत नाही तिथे जागा कोरी सोडा. कोरी जागा डोळ्यांसमोर राहिली की माणूस शोधतो.

तिसरी, येत्या महिनाभरात एका आत्याला किंवा आजीच्या बहिणीला भेटायला जा. फोन करू नका, जा. मोबाईलवर तिचा आवाज रेकॉर्ड करा, पण आधी तिला विचारा. कागदपत्राचे नाव काढू नका, माहेरच्या विहिरीचे विचारा. ती आपोआप बोलू लागेल. उठताना तिने सांगितलेले तिला वाचून दाखवा आणि खाली तिचे नाव लिहा, तारीख घाला.

आपण पंचावन्न-छप्पन्नचे झालो. आपल्यापुढच्या पिढीने मालगुजारी पाहिली नाही, कोशाची खोप पाहिली नाही, जात्यावरची आजी पाहिली नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मांडीवर बसलेली आपली शेवटची पिढी आहे. त्यामुळे हे काम आपल्याच वाट्याचे आहे. आणि पुढच्या जूनमध्ये मला फोन जरूर करा, पण आत्याला भेटून आल्यावर करा.